हातगुण

पेशी वाढवायच्या त्या निर्जंतुक खोलीत सगळे तिला मावशी म्हणत. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर लावायचं, मूलपेशींपासून वाढवलेलं नखाएवढं ठिगळ तिच्या हातून हमखास जमायचं. पण दोन हातांनी महिन्याला दोनच ठिगळं होत, आणि वाट बघणाऱ्यांच्या यादीत तीनशे माणसं. म्हणून यंत्र आणलं. त्याने कागदावरची कृती तीनदा तंतोतंत केली, आणि तिन्ही वेळा पेशी मेल्या.

"मावशी, तुमच्या हाताला गुण आहे," साहेब वैतागून म्हणाले. "तो यंत्राला कुठून आणून देऊ?"

मावशी सुखावली. आपल्यावाचून अडतंय हे कुणाला आवडत नाही? पण दुसऱ्या दिवशी काम करताना तिने मुद्दाम स्वतःच्या हातांकडे लक्ष दिलं. पेशी बशीपासून सुटायला औषध चार मिनिटं ठेवायचं, असं कागद म्हणत होता. ती घड्याळाकडे बघतच नव्हती. पेशींच्या कडा गोल होईपर्यंत थांबायची, साडेपाच, कधी सहा मिनिटं, आणि नोंदीत सवयीने चार लिहायची. अकरा वर्षं हेच चाललं होतं.

उद्याचं ठिगळ एका शिक्षकांसाठी होतं. ते इस्पितळात दाखलही झाले होते. नोंद खोटी निघाली की ठिगळ बाद, हा नियम नव्या मुलींना तिनेच शिकवलेला.

"उद्याचं पार पडू दे, मग सांगा," सोबतीण कुजबुजली. "एका दिवसाने काय बिघडतंय?"

"नकळत झालं ते झालं. आता कळून कसं पाठवू?"

तिने साहेबांना सगळं सांगितलं. मग आपल्याच हाताने त्या ठिगळाच्या धडधाकट पेशींवर जंतुनाशक ओतलं. तिला रडू आवरेना, आणि हातात मोजे, त्यामुळे डोळे पुसायचीही सोय नव्हती.

नव्या वेळेच्या चाचण्यांत सात महिने गेले; तोवर हातानेही ठिगळं करायला बंदी होती. यंत्र महिन्याला वीस ठिगळं करू लागलं. साहेबांनी दारावर नवी यादी लावली. मावशीने ती दोनदा वाचली.

"शिक्षकांचं नाव नाही यात."

"त्यांचा पडदा पार गेला. आता ठिगळ लावून उपयोग नाही." साहेब जरा घुटमळले. "विचारत होते, त्यांचं ठिगळ तेव्हा तयार झालं होतं का. मी नाही म्हणालो. उगीच जिवाला घोर."

मावशी यादीपासून वळली.

"झालं होतं," ती म्हणाली. "चांगलं झालं होतं. त्यांचा फोन नंबर द्या. मी सांगते."