मधला कठडा

या, असे जवळ सरकून बसा. देवाचं नाव घेऊन एका गाणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगते.

कीर्तनं करण्यात त्यांची हयात गेली, म्हणून सगळे त्यांना बुवा म्हणत. बायको नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात. तिची आठवण विरत चालली होती. लेकाचं नाव गेलं, घर गेलं, बुवा तेवढे उरले होते. कारण रोज संध्याकाळी ते लाकडी पूल ओलांडून जायचे आणि तिच्या उशाशी बसून गायचे. मग पुलाच्या फळ्या कुजून पडल्या. दुसरा रस्ता अख्ख्या शहराला वळसा घालून. तिकडे बस नाही, आणि बुवांचे गुडघे कधीचेच संपावर.

बुवांनी नगरसेवकाला गाठलं. त्याला त्यांनी मांडीवर खेळवलेलं.

"काका, या बैठकीत तुमचा पूल नक्की. शब्द आहे माझा."

बैठकीत धर्मरक्षक मंडळी पुढच्या खुर्च्या अडवून बसली होती. पुलाचा विषय निघताच त्यांचे प्रमुख कडाडले, "पुलावर बायका-पुरुष एकमेकांना घासून चालतात. मधोमध कठडा हवा!" मागून जयजयकार. निवडणूक तोंडावर आलेली. नगरसेवकाने घाम पुसला.

इंजिनियरबाई म्हणाल्या, "साहेब, पूल तो केवढा! कठडा घातला तर खेकड्यासारखं आडवं चालावं लागेल."

"मग रुंद करा!" प्रमुख बुवांकडे वळले. "बुवा, तुम्ही देवाचे माणूस. तुम्हीच सांगा."

बुवा खुर्चीला धरून उठले. "घाला कठडा. मी आपला माझ्या बाजूने जाईन. पण बाबांनो, आधी फळ्या..."

पुढचं टाळ्यांत बुडालं. बुवांचा होकार मिळाला! नवा आराखडा मागवायचं ठरलं आणि उरलेली बैठक कठड्याच्या उंचीवर खर्ची पडली.

"बाळ, अरे माझ्या फळ्या?" बुवांनी दारात विचारलं.

"काका, भर सभेत तुम्हीच हो म्हणालात. आता मी काय बोलू?"

त्यानंतर बुवा संध्याकाळी काठावर उभे राहून पलीकडे तोंड करून गात. वारा आवाज अर्ध्यातूनच परत आणून टाकी. घरी येऊन ते एकट्याचं ताट वाढून घेत, आणि बऱ्याचदा तसंच झाकून ठेवत.

नव्या आराखड्यावर नवी हरकत आली तेव्हा दूधवाल्याला राहवलं नाही. त्याने त्यांना टेम्पोत बसवून वळशाच्या रस्त्याने नेलं.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, परक्याकडे पाहावं तसं. बुवांनी गळा साफ केला आणि गाऊ लागले. तिची बोटं चादरीवर ठेका धरू लागली.

"छान गाता हो तुम्ही," ती म्हणाली. "आमचे हेसुद्धा गातात. येतीलच आता पुलावरून. थांबा, ओळख करून देते."

"थांबतो," बुवा म्हणाले.

मंडळी, तिच्या मनातून ते निसटले. तिच्या वतीने तुम्ही तरी बुवांना लक्षात ठेवा.