पुलावरची दोन बाकडी

कंपनीच्या आवारातल्या तिसऱ्या आणि चौथ्या इमारतीला जोडणारा पूल एकशेवीस पावलांचा होणार होता. आर्किटेक्टने आपल्या कार्यालयाच्या गच्चीवर खडूने तेवढी रेघ मारली आणि चालून पाहिली. दर चाळीस पावलांवर तो थांबला.

शेवटच्या वर्षी बायकोला एका दमात चाळीसच पावलं जमायची. मग ती मुकाट्याने त्याचा डावा दंड धरायची आणि तो बसायला जागा शोधायचा. त्यानेच बांधलेल्या इमारतींत ती मिळायची नाही. एकदा तर आग विझवायची वाळूची बादली पालथी घालून तिला बसवावं लागलं. "तीस वर्षं इमारती बांधताय," ती धापा टाकत म्हणाली, "आणि बायकोला बादली!"

म्हणून या पुलाला त्याने दोन ठिकाणी फुगवटे काढले. प्रत्येकात एक बाकडं. बाहेरची झाडं दिसावीत म्हणून तिन्ही बाजूंनी काच.

घोडं तिथेच अडलं. इमारतींच्या वीजवापराची गणितं त्याची सून करायची. ती घरी 'बाबा' म्हणे, कार्यालयात 'सर'. चिडली की सरमिसळ व्हायची.

"सर, दुपारचं ऊन थेट आत येतंय. पूल थंड ठेवायला मशिनं वाढवावी लागतील. मग पर्यावरणाचं प्रमाणपत्र विसरा. कंपनीचे लोक चारला येतायत, त्यांना आधी तेच हवंय."

"चांगली काच लाव."

"सगळ्यात चांगलीच धरलीय, बाबा! बाकडी काढा ना. तिथली पोरं विशी-तिशीतली. उड्या मारत जातील."

"तुझी सासूही उड्याच मारायची."

त्याला बोलल्याचं वाईट वाटलं. पण भांडायचं त्राण नव्हतं. बायको गेल्यापासून वर्षभर त्याचं सगळं अर्ध्यावरच राहत होतं. चहा, पेपर, वाद. त्याने पेन्सिल उचलली आणि पहिल्या बाकड्यावर काट मारली.

"थांबा," सून म्हणाली. "आई दम लागून बसल्या की कुठे बघायच्या?"

तो आठवत राहिला. बादली. गुडघ्यांवर टेकलेले हात. खाली गेलेली मान.

"चपलांकडे," तो म्हणाला. "श्वास जागेवर आला की वर बघायची आणि म्हणायची, चला."

"मग काच कुणासाठी?"

बाजूला उभा असायचा तो. काही करता येत नसायचं, म्हणून बाहेर बघत राहायचा.

"माझ्यासाठी," तो म्हणाला.

सुनेने नकाशातल्या बाकड्यावरची काट आणि फुगवट्यांच्या काचा खोडल्या, त्या जागी भरीव भिंती आखल्या. उभ्या माणसाच्या डोळ्यांपाशी एक अरुंद खिडकी तेवढी ठेवली. गणित पुन्हा मांडलं. जेमतेम, पण बसलं.

चारला कंपनीच्या बाईंनी नकाशावर बोट ठेवलं. "ही बाकडी कशाला?"

तो तोंड उघडणार, तेवढ्यात सून पुढे झाली.

"दम खायला," ती म्हणाली. "पूल मोठा आहे."

बाईंनी बोट उचललं. "प्रमाणपत्राला धक्का नाही ना? मग राहू दे."

सगळे गेल्यावर तो पुन्हा गच्चीवर गेला. खडूची रेघ अजून होती. चाळीस पावलं चालून थांबला, डावा हात अंगापासून जरा लांब धरून. मग पुढची चाळीस.