झाकणांची माळ

आपल्याकडे कुणी नवं काही सुचवलं तर त्याच्यावर रागावणारे थोडे, हसणारे फार. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. हसणाऱ्याशी काय भांडणार? "अहो, गंमत केली," म्हणून तो मोकळा होतो. अनंत कर्लेकर असाच मोकळा होत असे. त्याला कुणी वाईट माणूस म्हटलं नसतं. मीही म्हणत नाही.

मुलुंडला पत्र्याचे डबे करणारा एक कारखाना होता. १९५५ साली अनंत तिथे फोरमन होता. हाताखाली साठ माणसं. कुणाच्या घरी आजारपण असलं तर हा रजा द्यायचा आणि वरच्यांची बोलणी स्वतः खायचा. त्यातून स्वभाव विनोदी, त्यामुळे तो सगळ्यांना आवडायचा. कारखान्यात एक प्रथा त्यानेच पाडली होती. "साहेब, हे असं केलं तर?" म्हणत कुणी आला, की जेवणाच्या सुट्टीत त्याला बाकावर उभं करायचं, सुतळीत ओवलेली डब्यांच्या झाकणांची माळ त्याच्या गळ्यात घालायची आणि सगळ्यांनी "इंजिनियरसाहेब की जय" म्हणायचं. माळ खुळखुळ वाजायची. ज्याच्या गळ्यात पडे तोही हसायचा. न हसून सांगतो कुणाला?

दशरथ परब तिथे प्रेसवर होता. मूळचा मालवणकडचा, आधी गिरणीत होता, हाताचा कसबी. प्रेसचं काम असं की पत्रा हाताने आत सरकवायचा, बोटं बाहेर काढायची आणि पायाने पट्टी दाबायची, म्हणजे वरचा ठोकळा खाली येई. दिवसातून हजार वेळा हेच. एका सोमवारी दशरथ घरून सागाची चपटी काठी तासून घेऊन आला. तिच्या टोकाला खाच होती. त्या खाचेत पत्र्याची कड धरायची आणि काठीनेच पत्रा आत ढकलायचा, म्हणजे हात वीतभर लांब राहतो. त्याने करूनही दाखवलं. काम सुरुवातीला जरा सावकाश होत होतं, एवढंच.

अनंतने काठी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "परब, इतकी वर्षं लोकांची बोटं काय घरी ठेवलेली असायची रे?"

भोवतालची माणसं हसली. दुपारी दशरथच्या गळ्यात माळ पडली. पुढे महिनाभर सगळे त्याला इंजिनियरसाहेब म्हणत होते. कुणी चहाचा चमचा पुढे करून "यालाही एक खाच पाडून द्या" म्हणे. दशरथ हसत राहिला. ती काठी पुन्हा कुणाला दिसली नाही.

आठ महिन्यांनी त्याच प्रेसखाली दशरथच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

अनंत इस्पितळात गेला तेव्हा दशरथची बायको जानकी खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिने सरकून त्याला जागा दिली. दोष दिला नाही, आणि तेच अनंतला सोसेना. मनात सलत होतं ते त्याने दशरथला विचारलं. काठी तर तुझ्याकडे होती, मी काही बंदी घातली नव्हती, मग निदान स्वतःपुरती तरी तू ती का वापरली नाहीस?

दशरथ छताकडे बघत होता.

"वापरली असती तर परत सगळे हसले असते, साहेबानू," तो म्हणाला. "बोटां एकदाच गेली. हसणां रोजचां होतां."

अनंत घरी आला तो जेवलाच नाही. त्याच्या वडिलांना घरीदारी सगळे भाऊ म्हणत. त्यांनी तीस वर्षं शाळेत मास्तरकी केली होती. अनंतने त्यांना सगळं सांगितलं आणि वर, आपण केवळ गंमत केली होती, असंही सांगितलं. म्हातारा धीर देईल अशी त्याला आशा होती.

"चूक तुझीच आहे," भाऊ म्हणाले. "पण ती तू माझ्याकडून शिकलास."

मग भाऊंनी जे सांगितलं ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. वर्गात एखाद्या मुलाने वेगळं उत्तर दिलं की ते त्याला उभं करून वर्गाला हसवायचे. हळूहळू वर्ग गप्प झाला. भाऊंना वाटलं शिस्त आली. तपासनीसांनीही वाखाणलं. त्याच वर्गात अनंत होता. विहिरीचं पाणी थंडीत कोमट का लागतं, याचं उत्तर त्याने आपल्या बुद्धीने शोधून आणलं होतं आणि मोठ्या हौसेने सांगितलं होतं. बापाने सगळ्या वर्गासमोर त्याची नक्कल केली.

"त्या दिवसापासून तू काही विचारलं नाहीस. हसणाऱ्यांत पुढे जाऊन उभा राहायला लागलास. तिथे उभं राहिलं की आपल्यावर कुणी हसत नाही, हे तुला कळलं होतं. आणि मी म्हटलं, पोरगा शहाणा झाला."

"भाऊ, मी तर ते विसरूनही गेलो होतो."

"मी नाही विसरलो. आता मला सांग, मृणालिनीने तुला शेवटचं काय विचारलं?"

मृणालिनी अनंतची अकरा वर्षांची मुलगी. तो आठवू लागला. आठवेना. बापाच्या थट्टेला भिऊन पोर वर्षभर घरात मुकी झाली होती आणि बाप तिला समंजस समजत होता!

दुसऱ्या दिवशी अनंतने अपघाताच्या कागदावर आपली चूक लिहून वर पाठवली. सुताराकडून तशाच काठ्या करून घेतल्या. सुट्टीत उभा राहून सगळ्यांना म्हणाला की माळ आजपासून बंद, यात दोष माझा आहे, कुणाला काही सुचत असेल तर सांगा. साठ माणसं डब्यात माना घालून जेवत राहिली. त्याने दुसऱ्या दिवशी विचारलं, आठवड्याने विचारलं. कुणी बोलेना. त्यांना सुचत नव्हतं असं नाही, पण हाताला कामाची सवय लागावी तशी सुचलेलं आतच मारून टाकायची सवय मनाला लागली होती. दशरथ बरा होऊन आल्यावर त्याला फाटकावर बसायचं काम दिलं होतं. अनंतने त्यालाही विचारलं. "बरा आसा," एवढंच तो म्हणाला.

तिसऱ्या महिन्यात माणिक नावाची डबे पुसणारी बाई उठली. दिवा पाठीमागे असल्यामुळे आपलीच सावली आपल्या हातांवर पडते, तो पुढे घेतला तर बरं, असं ती जमिनीकडे बघत म्हणाली. मागून कुणीतरी खुदकन हसलं. अनंतच्याही ओठावर काहीतरी आलं होतं, जुनी सवय. त्याने ते गिळलं, शिडी आणवली आणि तिच्यादेखत दिवा पुढे घेतला. बाई पुन्हा कामाला बसली. दशरथची बोटं काही परत आली नाहीत.

वाचकहो, कुणाची कल्पना चुकीची वाटली तर तसं सांगा, वाद घाला, वाटल्यास नाकारा. पण नवं काही घेऊन आलेल्या माणसाला हसू नका. ज्या घरात, ज्या वर्गात, ज्या कचेरीत सगळे गप्प आहेत तिथे बुद्धी नाही असं नसतं. तिथे कधीतरी कुणीतरी पोटभर हसलेलं असतं, आणि तो कुणीतरी बहुधा आपणच असतो. आज घरी गेलात की, ज्याने बरेच दिवस काही विचारलेलं नाही त्याच्याजवळ जाऊन बसा. तो लगेच बोलणार नाही. तरी बसा.