अर्धा भरलेला दात

माझ्या कादंबरीतला माणूस नीट मरत नाही, असं आमच्या संपादकांचं म्हणणं पडलं.

या शब्दांत ते बोलले नाहीत अर्थात. संपादक सभ्य गृहस्थ आहेत, चहा पाजल्याशिवाय कुणाचं प्रकरण कापत नाहीत. चहा झाला, बिस्किटं झाली, मग त्यांनी कागदांचा गठ्ठा पुढे ओढला आणि म्हणाले, "बाई, बाकी सगळं झकास. पण शेवट पटत नाही. तुमचा हा चष्मेवाला अख्खं पुस्तकभर हसतो, गिऱ्हाइकांना हसवतो आणि एका मंगळवारी उठून जीव देतो. का? वाचक विचारणार ना, का?"

"मीही तेच विचारतेय," मी म्हणाले.

"तुम्ही विचारून कसं चालेल? तुम्ही लिहिताय."

पुढे त्यांनी पेन्सिलीने एका परिच्छेदावर हलकीशी फुली मारली. "आणि हा दाताचा प्रकार तर काढाच. ज्याला मरायचंय तो माणूस दात कशाला दुरुस्त करून घेईल? दोनदा जाऊन आलाय, अर्धा दात भरलाय, तिसऱ्या वेळेची तारीख घेतलीय. लोक म्हणतील, लेखिकेला असा माणूस कळलाच नाही."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कारण त्या पुस्तकात मी बनवलं नव्हतं असं काही असेल तर तो दातच. चष्मेवाल्याला मी मिशा दिल्या होत्या, कुत्रा दिला होता, दोन मुलगेही दिले होते. माझ्या दादाला यातलं काहीच नव्हतं. त्याला चष्म्याचं दुकान होतं, एक बायको होती, एक आगाऊ धाकटी बहीण होती आणि उजवीकडे एक अर्धा भरलेला दात होता. तो तसाच राहिला.

हे संपादकांना मी सांगितलं नव्हतं. पुस्तकानं स्वतःच्या पायावर उभं राहावं, भावाच्या मरणाची कुबडी त्याला नको, असा माझा ताठा.

"एक खूण पेरा," संपादक समजुतीनं म्हणाले. "जास्त नको, एकच. शेवटाला आल्यावर वाचकानं मागे वळून बघितलं की त्याला वाटलं पाहिजे, अरे, हे तर समोरच होतं!"

मी तणतणत घरी आले, मुकाट्यानं दाताचा परिच्छेद काढला आणि खूण पेरली. लिहिणाऱ्या माणसाचं असंच असतं, रागावरसुद्धा पान निघत असेल तर तो काढतो. शेवटचा रविवार. चष्मेवाला घरातल्या सगळ्यांचे चष्मे गोळा करून जेवणाच्या टेबलाशी बसतो. काड्यांचे स्क्रू आवळतो, नाकावरचे पॅड बदलतो, काचा पुसतो. बायको चष्म्याविना शेजारी बसलेली, तिला त्याचा चेहरा धूसर दिसतोय. सगळ्यात शेवटी तिचा चष्मा तिच्या नाकावर चढवून तो म्हणतो, "घे. आता बरेच दिवस बघायला नको." बस्स. एवढंच. खोटं कशाला बोलू, लिहून झालं तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

संपादकांचा फोन आला. "आता कसं! अंगावर काटा आला, बाई."

मुद्रितं आली. ती मी वहिनीकडे पाठवली. तिला तसा शब्द दिला होता. लिहायच्या आधी मी तिला विचारायला गेले होते, तेव्हा ती काचा पुसता पुसता म्हणाली होती, "लिही. तू नाही लिहिलंस तर तुझ्या पोटात दुखेल. फक्त छापायच्या आधी मला वाचायला दे."

दादा गेल्यावर वहिनीनं दुकान बंद केलं नाही. तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती शिकली. डोळे तपासायला आठवड्यातून दोनदा माणूस येतो, बाकी फ्रेम, काचा, दुरुस्ती सगळं ती बघते. पण दादा गेल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं मी पाहिली आहेत. भेटायला येणारा प्रत्येक जण पाणी प्यायचा, डोळे पुसायचा आणि हळूच विचारायचा, "घरात काही होतं का?" म्हणजे तू काही केलंस का. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण ज्यांचं काही जळलं नव्हतं त्यांना सगळंच कळलं होतं. लोक दमले, तेव्हा वहिनी स्वतःच स्वतःला विचारायला लागली. त्या शेवटच्या आठवड्यातला एकेक दिवस उलटापालटा करून बघायची. त्यातून ती कशीबशी बाहेर आली होती. अलीकडे तर दादाचे जुने विनोद ती गिऱ्हाइकांना स्वतःचे म्हणून खपवायची.

मुद्रितं पाठवून आठ-दहा दिवस झाले, वहिनीचा पत्ता नाही. मग एका दुपारी फोन. "दुकानात ये." एवढंच. आवाज ओळखू येईना.

मी गेले तेव्हा ती एका म्हाताऱ्या गृहस्थाला चष्मा घालून बघायला सांगत होती. ते जुना चष्मा शोधत होते आणि तो त्यांच्या कपाळावर होता. अशा वेळी "काखेत कळसा!" असं ओरडायची या दुकानाची रीत. दादानं पाडलेली. वहिनीनं नुसतं बोट दाखवलं. गृहस्थ गेल्यावर तिनं दाराला आतून कडी घातली आणि स्वतःचा चष्मा काढून काउंटरवर ठेवला. डोळे सुजले होते.

"चष्म्याचं तुला त्यानं सांगितलं होतं?" तिनं विचारलं.

"कुठल्या चष्म्याचं?"

"रविवारचं. मी विसरले होते गं. इतकी वर्षं विसरले होते. वाचलं आणि सगळं डोळ्यासमोर आलं."

मला काही कळेना. ती बोलतच होती. "मी इस्त्री करत होते. तो पेचकस घेऊन आला, म्हणाला, आण तुझा चष्मा, काडी सैल झालीय. मी म्हटलं, नंतर. मान वरसुद्धा केली नाही. सगळ्यांचं करून तो माझ्याकडे आला होता, आणि मी म्हटलं, नंतर."

माझ्या पुस्तकात बायको चष्मा देते. इस्त्री नाही, नकार नाही, "नंतर" तर नाहीच नाही. मी न लिहिलेलं वहिनीला आठवत होतं. क्षणभर मलाच वाटलं की दादानं मला हे कधीतरी सांगितलं असेल आणि मी ते आपलं म्हणून लिहून बसले असेन.

"वहिनी, ते मी बनवलंय," मी म्हणाले. "संपादक म्हणाले खूण पाहिजे, म्हणून रचलंय मी. असं काही झालं नाही."

"मला आठवतंय."

"मागितला असेल तुझा चष्मा कधीतरी. रोजच मागायचा, चष्मेवाला होता तो. माझ्या नाकावरून न विचारता काढून घ्यायचा. पण त्या रविवारी नाही."

"तुला काय माहीत? तू होतीस का तिथं?" वहिनी माझ्यावर असा आवाज कधी चढवत नाही. "मी समजावत होते स्वतःला, की त्यानं काही दिसूच दिलं नाही. दिलं होतं. तो चष्मा मागत होता आणि मी..."

तेव्हा मला माझ्या एका पानाची करामत कळली. गोष्टीत खूण पेरली की ती कुणाला तरी दिसायला हवी होती, असं होतं. वाचकाला पटावं म्हणून मी एक खूण पेरली आणि ती न बघितल्याचा ठपका या बाईवर ठेवून मोकळी झाले. तिच्या दारात पाणी पिऊन "घरात काही होतं का" विचारणाऱ्यांत आणि माझ्यात फरक एवढाच, की मी ते सुंदर भाषेत विचारलं होतं.

"वहिनी, तो त्या रविवारी माझ्याकडे होता," मी म्हणाले. "सकाळपासून. पुस्तकांचं कपाट लावत होता."

"तो आधीचा रविवार."

"नाही. त्याचा गाल सुजला होता."

वहिनीनं मान वर केली.

"उजवा गाल. सगळं डावीकडून चावत होता. मी विचारलं तर म्हणाला, उजवीकडं काम चालू आहे, रस्ता बंद. आठव ना. दाताला कधी गेला होता तो?"

"शनिवारी," वहिनी सावकाश म्हणाली. "दुसऱ्यांदा. दुकान मी सांभाळलं." मग तिनं काउंटरची कड धरली. "रविवारी अंधार पडल्यावर आला. मी सूप केलं होतं, त्याला चावता येत नव्हतं म्हणून. म्हणाला, बहिणीनं राबवलं आणि वर उपाशी धाडलं."

"उपाशी! तीनदा जेवला माझ्याकडे."

ती हसली. आणि हसता हसता रडायला लागली, आणि मीही. दाराबाहेर कुणीतरी कडी वाजवून निघून गेलं. गेलं गिऱ्हाईक तर जाऊ दे.

मग तिला तो सगळा दिवस हवा होता. कपाट कुठल्या भिंतीला होतं, तो काय काय बोलला, गाणं म्हणत होता का. मी सांगत गेले. तो कपाटाची एक फळी उलटी लावून बसला आणि म्हणाला, तुझी पुस्तकं तशीही उलटीच वाचायला बरी. जाताना मला म्हणाला, गुरुवारी दाताचं आटपलं की येतो आणि फळी फिरवून देतो. फळी अजून उलटीच आहे. त्या दिवशी मी त्याच्यासमोर दिवसभर बसले होते, वहिनी. मी लेखिका. माणसाच्या मनातलं ओळखायचा माझा धंदा. मला काही म्हणजे काही दिसलं नाही. विचारायलाही सुचलं नाही, कारण तो हसत होता.

"त्याला जायचं होतं गं गुरुवारी," वहिनी म्हणाली.

"हो."

"खरंच जायचं होतं."

"हो. आणि मंगळवारी नको होतं काहीच. मला वाटतं, दोन्ही खरं होतं. कदाचित एकाच वेळी. ते मला लिहिता येत नाही."

मी तिथूनच संपादकांना फोन लावला, लगेच, धीर सुटायच्या आत. फोन काउंटरवर ठेवला आणि आवाज मोठा केला. मी म्हणाले, चष्म्याचं पान काढून टाका. दात परत घाला.

"अहो बाई, सोन्यासारखं पान आहे ते! आणि दात? आपलं बोलणं झालं होतं. ज्याला मरायचंय तो दात कशाला दुरुस्त करून घेईल?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी फोनवर वाकली.

"दुखत होता म्हणून," ती म्हणाली.

पलीकडून, "कोण बोलतंय?"

"त्याची बायको."

कागद सरकल्याचा आवाज आला. "घालतो परत," ते हळू म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला. वाचकाला पटणार नाही ते नाहीच पटणार. आम्हाला तरी कुठे पटलंय!

वहिनीनं चष्मा उचलला, पदरानं पुसला, पण घातला नाही. म्हणाली, "तुला एक सांगू? कुणाला सांगितलं नाही मी."

"सांग."

"गुरुवारी क्लिनिकमधून फोन आला होता. साहेब आले नाहीत म्हणून. घरात माणसं भरलेली. मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले आणि म्हटलं, आज जमणार नाही, दुसरी वेळ द्या."

"दिली?"

"सोमवारची दिली. आणि मी गेले."

"कशाला, वहिनी?"

"काय माहीत. वाटलं, वेळ घेतलीय, कुणीतरी जायला हवं. बसले बाकावर. त्याचं नाव पुकारलं, तशी उठून उभी राहिले. ती मुलगी बघायला लागली, म्हणाली, ते कुठंयत? मी म्हटलं, आज नाही आले."

कडी पुन्हा वाजली. वहिनी दार उघडायला निघाली आणि कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"ती म्हणाली, आत्ता भरलंय ते तात्पुरतं आहे, फार दिवस टिकायचं नाही. त्यांना म्हणावं, लवकर या." वहिनीनं कडी काढली. "मी म्हटलं, सांगते."