कर्ण्यावर दिलेला शब्द

माझी किडनी धाकट्या भावाला द्यायची ठरली, हे मला देवळाच्या कर्ण्यावरून कळलं.

श्रावणात आमच्या गडमुडशिंगीत देवळात पोथी लावतात. गावातला आकाराम वाचतो आणि माझे वडील, आबा, अर्थ सांगतात. अर्थ सांगताना गावातलं एखादं उदाहरण जोडायचं, ही आबांची पद्धत. लोक त्यासाठीच येऊन बसतात. त्या रविवारी दधीची ऋषींची कथा होती. वृत्रासुराला मारायला वज्र हवं होतं, वज्राला हाडं हवी होती, आणि ऋषींनी देह सोडून ती दिली. मी घरी अकरावीच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासत होते. आबांचा आवाज आला, "दधीची काय लांब न्हाईत, मंडळी. माझी नंदा भावाला किडनी देत्या. ह्याला म्हणायचं धर्म!" मग टाळ्या.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. वय चव्वेचाळीस, लग्न केलेलं नाही. धैर्यशील अडतीस वर्षांचा. दीड वर्ष त्याचं डायलिसिस चालू आहे. सोमवार, बुधवार, शनिवार, चार-चार तास. त्याची बायको संयोगिता दूध डेअरीत नोकरी करते, तिच्या रजा कधीच संपल्या. म्हणून सकाळचे वर्ग आटोपून मी त्याच्याजवळ बसते. गाडी मी चालवते, दिवसाचं पाणी मी मोजून देते. आता थकवा वेगळा जाणवतही नाही.

आठवड्यापूर्वी माझ्या तपासण्यांचे निकाल आले होते. आईला साखर आहे, आबा बहात्तर वर्षांचे. संयोगिताची तपासणी करायची तर तिच्या माहेरी विचारावं लागेल, असं आई म्हणाली आणि विषय तिथंच थांबला. माझ्या बाबतीत विचारायला कुणी नव्हतं. माझ्याखेरीज. निकाल घेऊन आल्यावर मी एवढंच म्हटलं होतं, "जुळतंय." जुळतंय म्हणजे देते, असं घरानं धरलं.

द्यावी असं मला वाटत नव्हतं, असं नाही. पण एक गोष्ट मनातून जात नव्हती. उद्या माझी उरलेली किडनी बिघडली, तर माझ्याजवळ चार तास कोण बसणार? हे कुणाला तरी विचारायचं होतं. ते राहून गेलं आणि गावात टाळ्या वाजल्या.

सोमवारी सकाळी गल्लीतल्या बायका आल्या.

"ओटी भरूया की हिची."

"बिनलग्नाची हाय. ओटी कशी भरायची?"

"मग पुण्य काय कमी पडतंय व्हय?"

वाद मिटेना, तेव्हा नुसते नारळ देऊन त्या गेल्या. शेजारच्या गुंडूकाकांनी नारळावर शालही दिली. म्हणाले, "पोरी, नाव काढलंस." मी शाल घडी करून ठेवली आणि कॉलेजला गेले.

दुपारी हॉस्पिटलात मशीन लागल्यावर धैर्यशील छताकडे बघत होता.

"आक्का, तू हो कवा म्हणालीस?"

"म्हणाले नाही."

"मग आबा?"

"आबांनी अर्थ सांगितला."

तो हसला. हसताना त्याला दम लागतो. मग म्हणाला, "तू सरळ न्हाय म्हण. मीच डॉक्टरला सांगतो, मला नको म्हणून."

"तुला नकोय?"

"हवी हाय की," तो म्हणाला. "मरायचं कुणाला असतंय?"

संध्याकाळी आबा देवळात निघाले होते. टोपी हातात होती.

"आबा, ते देव दधीचींच्या आश्रमात गेले होते ना?"

"गेलते की. हात जोडून हुबं राह्यलं."

"कशाला?"

"हाडं मागायला."

"न मागता घेतली असती तर?"

"तसं कसं? ती चोरी झाली अस—" आबा थांबले. त्यांनी टोपी उलटीपालटी करून पाहिली.

"मला कुणी विचारलं नाही, आबा."

"आता गावाला सांगून बसलोय, नंदा. तोंड कसं दाखवू?"

"हॉस्पिटलात मला एकटीला बसवून विचारणार आहेत, घरच्यांनी भरीस घातलं का म्हणून. मला खोटं बोलता येणार नाही."

आई आतून म्हणाली, "म्हातारपणी बापाला गावात खाली बघायला लावतीस?" आबा टोपी घालून गेले.

त्या दिवशी पोथी उशिरा सुरू झाली. कर्ण्यावर आधी खोकला आला, मग आबा. "मंडळी, काल म्या अर्थ चुकवला. देवांनी ऋषींना आधी विचारलं हुतं. म्या पोरीला विचारलंच न्हाय. तिनं अजून हो म्हटलेलं न्हाय."

"आन् न्हाय म्हणाली तर?" कुणीतरी विचारलं.

"तर न्हाय."

"मग आमच्या नारळाचं काय?" हा गुंडूकाकांचा आवाज. लोक हसले. आबाही हसले असावेत, कारण पुढचं वाक्य नीट ऐकू आलं नाही.

परत आल्यावर आबा खुर्चीवर बसले नाहीत. माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि अनोळखी दारात उभं राहून बोलावं तसं म्हणाले, "नंदा, धैर्याला किडनी देशील का?"

"मला पुढं लागली तर माझ्याजवळ कोण बसणार, आबा?"

त्यांनी विचार केला. "ठावं न्हाय, बाई," म्हणाले. "आमी तर नसणार."

"आठ दिवस द्या."

"आठ दिवस कशाला लागत्यात?" आई म्हणाली.

"लागत्यात," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी 'नाही' असं ठरलंय, असं धरून मी वागले. त्याच्या पुढच्या दिवशी 'हो' असं धरून. असे आलटूनपालटून आठ दिवस काढले. नाहीच्या दिवशी काही कोसळलं नाही; मी वर्ग घेतले, दळण आणलं. आबांनी एकदाही काही विचारलं नाही. होच्या दिवशी भीती कमी झाली नाही. फरक एवढाच होता की नाहीच्या दिवशी पुढची सगळी वर्षं या दीड वर्षासारखी दिसत, आणि होच्या दिवशी हॉस्पिटलच्या फेऱ्यांना कुठंतरी शेवट दिसे. हे धैर्यशीलसाठी होतं की माझ्यासाठी, ते मला वेगळं करता आलं नाही. याला त्याग म्हणतात का, ठाऊक नाही. आबांना मी ते विचारलं नाही, नाहीतर त्यांनी अर्थ सांगितला असता.

आठ दिवस संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, नर्सनं सुया लावल्या आणि ती गेली. मी खुर्ची ओढून बसले.

"धैर्या, देते."

त्यानं मान वळवली. बऱ्याच महिन्यांनी तो माझ्याकडे सरळ बघत होता.

"भ्या वाटतंय, आक्का?"

"हो."

"मला बी," तो म्हणाला, आणि सुया नसलेला हात त्यानं माझ्याकडे केला.