तपकिरी टोपी

थोरल्या दिराने पहारीने दार फोडलं, तेव्हा धाकटीने आधी बाळाची टोपली पायाने टेबलाखाली सारली आणि मगच काचेच्या बशीवर हात ठेवला.

"कुठाय ती भेसळ?"

उत्तराची त्याला गरज नव्हती. पहार कपाटावर बसली आणि बरण्या, बाटल्या, सगळं काम खळ्ळकन खाली आलं. तिचा नवरा दारात "दादा, अरे दादा" करत उभा होता. पालथ्या घड्यावर पाणी.

सासऱ्यांनी जाताना आपली पांढरी अळंबी थोरल्याच्या हाती सोपवली होती. तिला हल्ली दर हंगामात सड लागे. रानातल्या तपकिरीला लागत नसे. म्हणून धाकटीने दोघींचा एकेक बीजाणू रुजवून एकाच बशीतल्या जेलीवर समोरासमोर लावला होता, डावीकडे पांढरीचा, उजवीकडे तपकिरीचा. एकट्या बीजाणूच्या तंतूंना टोपी धरत नाही, म्हणजे अळंबी उगवत नाही, जोडीदार भेटावा लागतो. भेटला की एकाची केंद्रकं दुसऱ्याच्या तंतूंत शिरतात आणि आतून धावत पार पलीकडची कड गाठतात. वरून मात्र काही दिसत नाही, दोन्हीकडे सारखाच कापूस. तंतू मध्यावर भिडले होते. केंद्रकं कडेला पोचली का, ते तिने अजून पाहिलं नव्हतं.

"हात काढ."

"बाळ आहे इथे, भाऊजी."

पहारीचं टोक तिच्या बोटांवर आलं. करंगळी मोडल्याचं तिला दातांत कळलं. बाळाने टाहो फोडला. थोरल्याने तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं, बशीवर तिने लिहिलेलं 'पांढरी', 'तपकिरी' वाचलं आणि आतली जेली चाकूने मधोमध कापली. उजवा अर्धा खाली टाकून टाचेने चिरडला, वर थुंकला. डावा मात्र तान्हं उचलावं तसा उचलून बरणीत ठेवला.

"ही बापाची. माझ्या शेडमध्ये वाढेल. पुन्हा असले धंदे केलेस, तर टेबलाखाली बघेन."

तो गेला. नवरा काचा चुकवत आत आला. "गप्प राहिलीस ते बरं केलंस. राग ओसरला त्याचा."

ती बशीकडे बघत होती. डाव्या कडेचा एक कण काचेलाच चिकटून राहिला होता. आडवा पडलेला सूक्ष्मदर्शक तिने डाव्या हाताने उभा केला, कण खाली सरकवला, डोळा लावला. तंतूच्या सांध्यासांध्यावर इवली कडी होती. कडी धरते ती जोडी जमल्यावरच.

तपकिरी शेवटच्या कडेपर्यंत पोचली होती. आणि थोरला तिलाच उराशी धरून घरी घेऊन गेला होता.

बाळाची दुधाची बाटली उकळून ठेवलेली होती. तिच्यात तिने तंतूंना वाढायला उकडलेले गहू भरले, वर तो कण सोडला, बूच लावलं. बाळाला डाव्या कडेवर घेतलं.

"आता कुठे निघालीस? शांत झालाय तो."

"टोपी धरेपर्यंतच शांत."

तिने बाटली कमरेला खोचली.

"जोडीत रंग तपकिरीचाच चढतो. त्याच्या शेडमध्ये तपकिरी उगवेल," ती म्हणाली. "मग तो पहार घेऊन येईल, आणि टेबलाखाली बघेल. तुला यायचं तर ये. नाहीतर दारात उभं राहायची सवय आहेच तुला."

पायाखाली काचा करकरल्या. मागे वळून न बघता तिने मोडकं दार ओलांडलं.