सांगितला की मरणारा आकडा

विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर एका पत्र्याच्या शेडपुढे दर गुरुवारी एवढी झुंबड उडायची की रिक्षावालेही भाडं सोडून रांगेत उभे राहायचे. आत धुरीबाबा बसत. पडद्याआड एकेक भक्त जाई, बाबा कोऱ्या कागदाचा कपटा धुपाटण्यावर धरत आणि त्या कोऱ्या कागदावर भक्ताच्या डोळ्यांदेखत तपकिरी आकडा उमटे. आकडा कसला? संध्याकाळच्या मटक्याचा!

"बाबा आकडा देत नाही, बेटा. बाबा फक्त पडदा सरकवतो," बाबा म्हणत. स्वतः पडद्याआड बसून ते हे बोलत, याचं कुणाला काही वाटत नसे. "पण सांगशील तर आकडा मरेल. दोस्ताला नाही, बायकोला नाही, सावलीलासुद्धा नाही!"

ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या गुणाजीला हा नियम ताबडतोब पटला. खाडीवर निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारायचं नाही, विचारलं की जाळं रिकामं येतं, हे तो कडेवर होता तेव्हापासून ऐकत आला होता. माशाला जो नियम तोच आकड्याला असणार. त्यात दुसऱ्याच गुरुवारी त्याचा चारचा आकडा लागला. त्याने आळीभर पेढे वाटले.

त्यानंतर मात्र गुरुवारामागून गुरुवार कोरडे गेले. गुणाजी खट्टू झाला, पण बाबांवर नाही. एकदा तो निघताना त्याची बायको मंजुळा सवयीने बोलून गेली होती, "अवो, कुठं चाललाव?" त्या दिवशी आकडा चुकला तेव्हा तो ओरडला, "तू इचारलंस म्हणून मेला तो!" आणि मंजुळाला ते खरं वाटलं. ती बिचारी गुरुवारचे उपास करू लागली. राग यावा की कीव, हेच कळत नाही.

तोवर घरातली एक सोडून सगळी जाळी विकली गेली होती. आता गुणाजी होडीला गिऱ्हाईक बघत होता. होडी गेली तर मंजुळाच्या टोपलीत मासे यायचे कुठून, आणि बाजारात बसायचं तिने काय घेऊन?

पण बाबांच्या नियमात एक भोक राहिलं होतं. आकडे पुरुषांच्या तोंडातून निघत नव्हते, तरी सदरे धुवायला बायकांच्याच हाती पडत. एका शुक्रवारी मंजुळाला गुणाजीच्या खिशात कपटा सापडला. त्यावर सहा होता. तिने तो बाजारात शेजारी बसणाऱ्या ठमाबाईला दाखवला, तेव्हा तिनेही कमरेचा बटवा उघडला.

"आमच्या राघोच्या खिशातला. बघ गं, मना वाचता येत नाय."

त्यावर दोन होता. गुरुवार तोच आणि बाबाही तोच. बोय मासा कापता कापता मंजुळाचा कोयता थांबला.

पुढच्या शुक्रवारी आळीतल्या चौदा बायकांनी चौदा कपटे आणून मासळीच्या फळीवर मांडले. शून्यापासून नऊपर्यंत एकही आकडा सुटला नव्हता, उलट चार आकडे दोनदोनदा आले होते. तेवढ्यात मासे घ्यायला रमाबाई आल्या. त्या नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. बायकांकडून सगळं ऐकून त्यांनी एक कपटा उजेडात धरला.

"लिंबाच्या रसाने लिहून वाळवायचं. ऊब लागली की उमटतं. माझी सातवीची पोरं करून दाखवतील. आणि दहाही आकडे वाटले की एक लागणारच. ज्याचा लागतो तो पेढे वाटतो, बाकीचे तोंड मिटून बसतात. त्यांनी एकमेकांना विचारू नये म्हणून तर तो नियम!"

मंजुळाने एवढंच विचारलं, "म्हंजे बाई, मी इचारल्यानं…?"

"तुझ्या विचारण्याने काहीही मेलं नाही, मंजुळा."

मंजुळा फळीला टेकून घळाघळा रडली.

संध्याकाळी आळीतले पुरुष कपटे घेऊन विठ्ठलवाडीला धावले. शेड रिकामी होती, बाबा गाशा गुंडाळून पसार झाला होता. बातमी त्यांच्या आधी पोचली असावी. धुपाटणं आणि लिंबाच्या साली तेवढ्या उरल्या होत्या.

गोष्ट इथे संपती तर किती बरं झालं असतं! गुणाजी आठ दिवस नेमाने खाडीवर गेला. नवव्या दिवशी संध्याकाळी त्याने केस विंचरले.

"बाबा लबाड व्हता, मटका नाय. गेलेलं तेवढं काढतो नि सोडतो."

मंजुळा त्याला दंडाला धरून रमाबाईंकडे घेऊन गेली. रमाबाईंनी त्याच्यापुढे दहा चिंचोके ठेवले. "दहा जणांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला. लागला त्याला बुकी किती देतो?"

"नऊ," गुणाजी पटकन म्हणाला.

"मग दहावा?"

गुणाजीने एक चिंचोका बाजूला सरकवला. "बुकीचा. रोजचाच."

"म्हणजे हाही बाबाच. फक्त पळून जात नाही. आणि गेलेलं काढायला जायचं, हीच यातली सगळ्यात मोठी भूल. कालच्या आकड्याची आजच्याला ओळखसुद्धा नसते."

"समजतं, बाई. सगलं समजतं." गुणाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण पाच वाजले की पाय ऐकत नायत."

रमाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मग हा आजार आहे, गुणाजी. यालाही डॉक्टर असतात. मनाच्या इस्पितळात जाऊ, मी येते सोबत."

"येड्यांच्या इस्पितलात? मी येडा हाय?" तो चिडून उठला. बाबाच्या शेडपुढे तासन्‌तास उभं राहताना ज्याला लाज वाटली नाही, त्याला डॉक्टरच्या दारात उभं राहायची लाज वाटली.

रविवारी होडी गेली. किनाऱ्याच्या चिखलात तिचा चर उरला होता, तोही भरतीने पुसला. पाच वाजता गुणाजीने केस विंचरले.

मंजुळा उंबऱ्यात उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "कुठं चाललाव?"

त्याने मान खाली घातली आणि तिच्या बाजूने निघून गेला. ती आता रोज विचारते. तो रोज मान खाली घालतो आणि जातो. बाबाला पळवायला चौदा कपटे पुरले. या पायांना थांबवायला काय पुरेल, ते तिला ठाऊक नाही.

तुमच्या घरातून पाच वाजता असं कुणी केस विंचरून निघत असेल, तर विचारा. विचारल्याने काही मरत नाही. रागाने नको, पण विचारा. डॉक्टरकडे न्या, लाज बाळगू नका. आणि हे सगळं होडी किनाऱ्याला आहे तोवर करा.